टीव्हीच्या डोक्यावरचा गिलास

रेणापूरच्या त्या घरात टीव्हीला दोन कामं होती. पहिलं काम सगळ्यांच्या टीव्हीला असतं तेच, बातम्या आणि मालिका दाखवायचं. दुसरं काम म्हणजे डोक्यावर एक तांब्या आणि त्या तांब्यावर एक गिलास सांभाळायचा. तांब्या पालथा, आणि त्याच्या गोलसर बुडावर स्टीलचा छोटा गिलास, रिकामा, जेमतेम तोल धरून उभा. जरा कुठं हादरा बसला की खाली यावा असा. पडावा म्हणूनच तो तिथं ठेवलेला होता.

ठेवला होता सरजाबाईनं. ही बाई अंगणवाडीत मदतनीस होती. नोकरीभर खिचडी शिजवली, निम्म्या रेणापूरची नाकं पुसली, आणि आता घरी बसली. तिनं नाक पुसलेले गडी आज मिशा पिळत मोटारसायकलवर फिरतात, पण ती रस्त्यात दिसली की गाडी हळू करतात. नवरा ग्यानोबा पाणीपुरवठ्याच्या टाकीवर चौकीदार होता, तो जाऊन काही वर्षं झाली. मुलगा संघपाल तहसीलमध्ये कारकून, सून प्रियदर्शनी दवाखान्यात नर्स आणि नात लुंबिनी पहिलीत. सरजाबाई कशाला भीत नाही, असं गल्लीत सगळे म्हणायचे. गल्लीचं काय, गल्ली काहीही म्हणते.

घरातल्यांना मात्र तिचे कायदे पाठ होते. ज्या भिंतीखाली कुणी झोपतं त्या भिंतीवर काही टांगायचं नाही. बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो समोरच्या भिंतीवर, कॅलेंडर दाराच्या मागं, घड्याळ कपाटावर. दाराची कडी रात्री लावायची, पण कुलूप घालायचं नाही. आणि टीव्हीवरच्या गिलासाला कुणी हात लावायचा नाही. प्रियदर्शनी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं तो गिलास घासायला नेला होता. सासू ओरडली नाही, रागावली नाही. नुसती टीव्हीसमोर उभी राहिली आणि गिलास परत येईपर्यंत जागची हलली नाही. तेव्हापासून सून टीव्ही पुसायची ती गिलासाच्या भोवतीनं, श्वास धरून.

टीव्ही ग्यानोबानं आणलेला, संघपाल दहावी पास झाला त्या वर्षी. मागं मोठं पोट असलेला, दोघांनी उचलायचा. बटण दाबलं की आतून धप्प असा आवाज यायचा आणि त्या हादऱ्यानं गिलास तांब्यावर किणकिणायचा. सरजाबाई मान हलवायची. गिलास जागा आहे, एवढं तिला पुरायचं.

पण कधी कधी टीव्ही बंद असताना, रस्त्यावर ट्रक नसताना, भरदुपारी घर सुस्तावलेलं असताना गिलास वाजायचा. एकदाच, बारीक. घरात दुसऱ्या कुणाला ते ऐकू आल्याचं कधी कुणी बोललं नाही. सरजाबाई हातातलं काम थांबवायची आणि वळून न बघता हळूच म्हणायची, "मांजर न्हाई गं." घरात मांजर कधी पाळलेलंच नव्हतं. लहानपणी, गिलास अजून फळीवर असायचा तेव्हा, संघपालनं एकदा विचारलं होतं, कुणाशी बोलून राहिलीस माय? ग्यानोबानं त्याला डोळ्यानंच गप्प केलं. पुढं त्याला त्याची सवय झाली. सवय झाली की माणूस विचारायचं विसरतो.

तर यंदा हा टीव्ही गेला. चित्र आधी आखडलं, मग एक पांढरी रेघ राहिली, मग ठिपका, मग तोही विझला. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि सांगितलं की याची नळी आता मिळत नाही, भंगारात घाला. संघपालला वाईट वाटल्यासारखं दाखवायला जरा कष्टच पडले. प्रियदर्शनीनं तर तेवढेही घेतले नाहीत. एकटी सरजाबाई म्हणाली की असाच दुसरा आणा. असे आता बनत नाहीत, म्हणून मुलानं समजावलं. मग तिनं एकच अट घातली, की घ्यायला मी येणार.

लातूरला सगळे मिळून गेले. दुकानाचे मालक व्यंकटराव, पोक्त, गळ्यात चष्मा अडकवलेले. भिंतभर टीव्ही मांडलेले आणि सगळ्यांवर एकच समुद्र, एकच मासा. तो मासा एका टीव्हीतून गेला की सगळ्यांतून जायचा. लुंबिनी स्टुलावर बसून तोंडाचा आ करून बघत राहिली. संघपाल इंच विचारू लागला, प्रियदर्शनीला नुसतं बोललं तरी चॅनल बदलणारा रिमोट आवडला. नवरा-बायको इतक्या दिवसांनी एखाद्या गोष्टीवर एकमत होऊन उभे होते. सरजाबाईनं मात्र एकाही टीव्हीकडं समोरून बघितलं नाही. ती प्रत्येकाच्या बाजूला जाऊन उभी राहायची, कडेनं डोकावायची आणि वरच्या काठावर बोट ठेवायची. बोट घसरायचं.

"ह्याला डोकंच न्हाई," ती म्हणाली.

व्यंकटराव हसले. लोक तर पातळ पाहिजे म्हणून हटून बसतात, असं म्हणाले. मग गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून विचारलं की वर काय ठेवायचंय, शोपीस असेल तर वेगळं शेल्फ मिळतं. सरजाबाई वरच्या काठावर पुन्हा बोट फिरवू लागली. हे सांगायचं कसं, आणि तेही समुद्रासमोर उभं राहून, हे तिला कळेना. उत्तर स्टुलावरून आलं, चांगलं खणखणीत. लुंबिनी म्हणाली, "गिलास ठेवायचाय. गिलास पडला की पळायचं असतंय."

संघपालचे कान लाल झाले. गावाकडची जुनी सवय आहे, तुम्ही मनावर घेऊ नका, असं काहीसं तो पुटपुटला. पण व्यंकटरावांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी रिमोट काउंटरवर ठेवला.

"कोणत्या गावच्या ताई तुम्ही?"

"माहेर तेरणाकाठचं," सरजाबाई म्हणाली. "किल्लारीच्या अलीकडं."

व्यंकटरावांनी मान खाली घातली. मग फक्त तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "आमच्या घरी फ्रिजवर हाय."

ती माशाकडं बघू लागली, ते पावतीपुस्तक शोधू लागले. पण नंतर व्यंकटरावांनी आपल्या धंद्याविरुद्ध सल्ला दिला. संघपालला म्हणाले, लहान घ्या, टेबलावर ठेवा, भिंतीला लावूच नका. संघपालनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि नीट उत्तर दिलं. नव्या टीव्हीला टेबलावर उभं राहायला दोन काड्यांसारखे पाय, लुंबिनी दिवसभर धावणार, धडकली तर टीव्ही तिच्याच अंगावर येणार. बाहेरची खोली आधीच एवढीशी. भिंत पक्की, सिमेंटची, बोल्ट चांगले लांब. त्याच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. सरजाबाईला खरा त्रास त्याचाच झाला. चुकणाऱ्या माणसाशी भांडता येतं. आणि वायरचं बटण ज्या भिंतीला होतं, जिला खिडकी नव्हती, ती एकच भिंत टीव्हीला जमणार होती. त्याच भिंतीखाली आजी आणि नात झोपायच्या.

मोठा टीव्ही ठरला. भिंतीला लावायचा ठरला. परतताना सरजाबाई रिक्षात कडेला बसली आणि रेणापूर येईपर्यंत बाहेर बघत राहिली. बाहेर सोयाबीन होतं. तिला ते दिसत नव्हतं.

तिला बापाचं घर दिसत होतं. वस्तीत सगळ्यांची घरं कुडाची आणि पत्र्याची. दगडी घर बांधणारा तिचा बाप पहिला. गावातल्या पडक्या भिंतीचे दगड डोक्यावरून आणून त्यानं रुंद भिंती उभ्या केल्या आणि वर माळवद घातलं, हातभर जाड मातीचं छत. पाहुणा आला की त्याला पाणी विचारायच्या आधी बाप भिंतीवर थाप मारून दाखवायचा. किती पिढ्या गावाच्या कडेला कुडात काढल्यावर आलेली ती थाप होती, तिची ऐट वाटणारच. मोठी सरजा लग्न होऊन रेणापूरला गेलेली, धाकटी पंचशीला, घरची पंची, चौथीत.

भूकंपाच्या आधीच्या वर्षापासून जमीन आतून गुरगुरायला लागली होती. लोक महिनाभर शेतात, उघड्यावर झोपले. साहेब येऊन बघून गेले. मग लोकच कंटाळले आणि घरात परतले. परतताना मात्र घराघरात बायकांनी तांब्यावर गिलास ठेवायला सुरुवात केली. आईनं पंचीला आणि आल्यागेल्या सरजाला शिकवलं, गिलास पडला की पळायचं, चप्पलसुद्धा बघायची नाही. आणि मग तो गिलास रोज पडायला लागला. उंदरानं, वाऱ्यानं, सगळ्यात जास्त गल्लीतल्या एका बोक्यानं. पंची झोपेतून उठून अंगणात पळायची, थंडीत कुडकुडायची आणि सगळ्यांचं हसू ऐकत परत यायची. किती वेळा, कुणी मोजलं.

त्र्याण्णव साली सरजा गणपतीला माहेरी आली होती. विसर्जन बघून दोघी उशिरा घरी आल्या. आईबाप अंगणात झोपलेले, या दोघी आत. पहाटे गिलास पडला. सरजा उठली. हाक मारली, पंचे ऊठ, भायेर चल. पंचीनं डोळे न उघडता सांगितलं, "मांजर असंल गं आक्का," आणि कूस बदलली. सरजा तिच्या पायांवरून ओलांडून दाराबाहेर पडली. ही येतेच आहे मागून, असं तिला वाटलं. अंगणात जाऊन वळली तेव्हा घर नव्हतं. धूळ होती, आणि धुळीमागं वस्तीतली कुडाची घरं तशीच उभी होती.

बापानं पुढं कधी भिंतीला हात लावला नाही. सरजानं तेव्हापासून एकही दिवस गिलासाशिवाय काढला नाही. बहीण गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती काय बोलून गेली, हे फक्त ग्यानोबाला सांगितलेलं होतं आणि ते त्यानं बरोबर नेलं. आता त्या दुपारच्या किणकिणीला सरजाबाई काय उत्तर द्यायची आणि कुणाला, हे वेगळं सांगायला नको. त्या पहाटे द्यायचं राहिलेलं उत्तर ती इतकी वर्षं देत होती. टीव्हीचं डोकं गेलं तर ती पोर वाजवणार कशावर, ही एक धास्ती. आणि भिंतीला टांगलेलं ते धूड लुंबिनीच्या उशावर, ही दुसरी. दोन्ही धास्त्या घेऊन ती रिक्षातून उतरली आणि भाजी निवडायला बसली.

टीव्ही लावायला दुकानातून सत्यम नावाचा फिटर आला. जुना टीव्ही आदल्या दिवशीच भंगारवाल्यानं नेला होता. तांब्या आणि गिलास सरजाबाईनं लोखंडी कपाटावर घड्याळाशेजारी बसवले होते. कपाट त्याच भिंतीला टेकलेलं. तिथं गिलास मुका झाला होता. आदल्या संध्याकाळपासून ती कान लावून होती, पण एकदाही वाजला नव्हता.

सत्यमनं भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्या. संघपालनं टीव्हीचं खोकं धरलं होतं. प्रियदर्शनी दवाखान्यात गेलेली. लुंबिनी खोलीच्या मधोमध मांडी घालून बसली होती, टीव्ही सुरू झाला की पहिली आपणच बघायची म्हणून. सरजाबाई आत चहा ठेवत होती. ड्रिल सुरू झालं, भिंत थरथरली, भिंतीबरोबर कपाट, आणि कपाटावरून गिलास फरशीवर पडला.

तो आवाज ड्रिलच्या आवाजातूनसुद्धा तिच्यापर्यंत पोचला. हातातला चिमटा सुटला. "भायेर," ती ओरडली, आणि पाय सुटले. स्वयंपाकघरातून, बाहेरच्या खोलीतून, मांडी घातलेल्या नातीला ओलांडून ती दाराबाहेर गेली, उंबऱ्याखाली उतरली, रस्ता ओलांडून समोरच्या लिंबाजीच्या ओट्यापाशी पोचली. तिथं जाऊन वळली.

घर उभं होतं. उघड्या दारातून लुंबिनी दिसत होती, जिथल्या तिथं बसलेली, मान वळवून आजीकडं बघत हसत होती.

"आज्जी," ती ओरडून म्हणाली, "मांजर असंल."

सरजाबाई ओट्यावर बसली. हे शब्द या पोरीला कुणी दिले? अधूनमधून 'मांजर न्हाई' ऐकणारी पोर दुसरं काय म्हणणार, असं एखाद्याला वाटेल, आणि ते खरंही असेल. पण त्या घटकेला सरजाबाईला तो आवाज लुंबिनीचा वाटला नाही. तोच आळस, तोच लाडीकपणा, 'असंल'वर तसाच लांबवलेला सूर. ओट्यावर बसल्या बसल्या तिला थंडी वाजून आली, भर उन्हात.

ड्रिल थांबलं. संघपाल पळत आला, काय झालं माय, मशीनच्या आवाजाला भ्यालीस काय, म्हणू लागला. शेजारणीनं पाणी आणलं. सरजाबाईनं पाणी घेतलं नाही. ती दाराकडंच बघत होती.

"मी एकलीच पळाले रे," ती म्हणाली. "पुन्हा एकलीच."

संघपालला काही कळेना. मग तिथंच, परक्याच्या ओट्यावर, तिनं त्याला पंचीचं सगळं सांगितलं. काय म्हणाली ती, कशी कूस बदलली आणि आपण कसं तिला ओलांडलं. एवढी वर्षं मी गिलास सांभाळला, ती म्हणाली, का तर घरातलं कुणी पुन्हा झोपेत राहू नये. आणि आज गिलास पडला तर माझ्या पायानं पोरीला ओलांडलं. गिलासानं पायाला पळायचं शिकवलं, हाताला धरायचं न्हाई शिकवलं. हे बोलताना ती रडत होती आणि रडतेय हे तिच्या लक्षात नव्हतं. संघपाल तिच्या पायाशी रस्त्यावर बसला होता. कारकुनाला रोज माणसांची गाऱ्हाणी ऐकायची सवय असते, पण हे गाऱ्हाणं कोणत्याच फायलीत बसणारं नव्हतं. शेवटी म्हणाला की नको लावायला टीव्ही, परत देऊन टाकतो, व्यंकटराव घेतील.

"लाव," सरजाबाई म्हणाली. "भिताड पडायचं झालं तर टीव्हीसाठी थांबत न्हाई."

टीव्ही लागला. संध्याकाळी प्रियदर्शनी आली, तिनं टीव्हीला बोलून दाखवलं, टीव्हीनं ऐकलं, सगळे हसले. मोठं चित्र, स्वच्छ आवाज, धप्प नाही, काही नाही. सरजाबाईनंही थोडा वेळ बघितलं. मासा नव्हता, त्याचं लुंबिनीला वाईट वाटलं.

जेवणं झाल्यावर सरजाबाईनं गिलास घासला. प्रियदर्शनी भांडी आवरायची थांबून बघत राहिली. माठातलं पाणी घेऊन सरजाबाई उभ्यानंच प्यायली. मग पुन्हा भरून लुंबिनीला दिला. पोरीनं हात मागं घेतले.

"हा पेयाचा न्हाई आज्जी. हा पडायचा हाय."

"पेयाचाच हाय. धर."

लुंबिनी घाबरत घाबरत प्यायली. गिलास धुऊन इतर गिलासांच्या रांगेत, स्वयंपाकघरातल्या मांडणीवर गेला. दुसऱ्या दिवशी तो नेमका कोणता हे ओळखायला आलं नसतं.

अंथरुणं पडली. रोज लुंबिनी भिंतीकडं आणि आजी बाहेरच्या बाजूला, दाराकडं असायची. आज सरजाबाईनं गोधडी भिंतीलगत ओढली, टीव्हीच्या बरोबर खाली, आणि नातीला दाराच्या बाजूला घातलं. मग लुगड्याच्या पदराचं टोक घेतलं आणि लुंबिनीच्या मनगटाला सैलशी गाठ मारली. हे कामून, असं लुंबिनीनं विचारलं. पळायचं झालं तर दोघींनी संगं पळायचं, आजीनं सांगितलं. पोरीला तो खेळ वाटला. तिनं दोन-तीनदा हात ओढून बघितला, आजी ओढली जाते का ते.

दिवा मालवला. आतल्या खोलीत नवरा-बायकोचं हळू बोलणं चाललं होतं, तेही थांबलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या मांडणीवर गिलास वाजला. एकदाच, बारीक.

सरजाबाईनं श्वास धरला. रस्त्यावर ट्रक नव्हता, वारा नव्हता. ती उठली नाही, वळली नाही, तिचा हात तेवढा गाठीवर गेला. या खेपेला मात्र ते ऐकणारी ती एकटी नव्हती.

"मांजर असंल," लुंबिनी पेंगत म्हणाली.

नेहमीचं उत्तर सरजाबाईच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"हाव बाई," ती दोघींनाही म्हणाली. "मांजरच हाय. झोपा तुम्ही."

लुंबिनीनं कूस बदलली. पदर ताणला गेला. सरजाबाईनं ती गाठ मुठीत घट्ट धरली आणि स्वतः जागी राहिली.